बेने इस्राएल कुळांचा वंशशोध : ‘कर’ प्रत्ययाचा पुरावा व त्याच्या मर्यादा

नवी मुंबईच्या वाढत्या वस्तीत पनवेल शहर आता जवळजवळ मिसळून गेले आहे. या शहरात १८४९ साली बांधलेले ‘बेथ एल’ हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. ते बेने इस्राएल समाजाचे होय. या समाजात ‘पनवेलकर’ हे आडनाव आढळते, आणि पनवेल तालुक्यातीलच आपटा या गावावरून पडलेले ‘आपटेकर’ हेही आढळते. आडनावात गावाचे नाव आहे, शहरात मंदिर आहे आणि समाजाच्या स्मृतीत समुद्रमार्गे आलेल्या मूळ पूर्वजांची कथा आहे. ही तीन साधने हाताशी असता एखाद्या कुळाचा वंश मूळ पुरुषापर्यंत नेऊन भिडविणे सुलभ असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आडनावाने नेमके काय सिद्ध होते, काय सिद्ध होत नाही, आणि हा भेद केवळ संशोधकांच्या जिज्ञासेपुरता का उरला नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समाजाची परंपरा थोडक्यात अशी आहे : इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अँटिओकस एपिफेनीस या राजाच्या जुलुमास कंटाळून काही यहुदी कुटुंबे स्वदेश सोडून जलमार्गाने निघाली. कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील अलिबागनजीक नवगाव येथे त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. बुडालेल्यांना नवगाव येथे पुरण्यात आले आणि वाचलेल्यांची संतती किनाऱ्यावरील गावोगावी पसरली. तेल गाळणे हा त्यांचा धंदा झाला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. हयीम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात ही परंपरा सविस्तर नोंदविली आहे. तो ग्रंथ पुढे १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला.

ग्रंथकाराचे आडनाव येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘केहिमकर’ म्हणजे किहीमचा राहणारा. त्याचप्रमाणे नवगावकर, पेणकर, रोहेकर, आवासकर, चेऊलकर, झिराडकर, राजपूरकर, दिवेकर अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आहेत. ती एकत्र करून नकाशावर मांडली, तर पनवेलपासून दक्षिणेस जंजिऱ्यापर्यंत पसरलेल्या वस्तीचे चित्र उभे राहते. समाजाच्या जुन्या वसतिस्थानांचा इतका सलग पुरावा अन्य कोणत्याही साधनात मिळत नाही.

तथापि हा पुरावा स्थळाचा आहे, रक्ताचा नव्हे. गावाच्या नावास ‘कर’ प्रत्यय लावून आडनाव करण्याची रीत कोकणातील सर्वच जातींत आहे. दिवेकर ब्राह्मणही असतो आणि बेने इस्राएलही. समाजाच्या आतसुद्धा, एकाच गावातून निघालेली परंतु परस्परांशी नाते नसलेली दोन घराणी एकच आडनाव लावू शकतात. उलट, दोन सख्खे भाऊ दोन गावी स्थायिक झाले, तर त्यांच्या नातवंडांची आडनावे भिन्न होऊ शकतात. शिवाय गावात राहणाऱ्यास गावाच्या नावाने ओळखण्याचे कारण नसते. ते नाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटते. म्हणून ‘पनवेलकर’ या नावाचा अर्थ इतकाच की, कुळाची कोणतीतरी पिढी पनवेलीस राहिली होती.

आडनाव लोप पावण्याचीही उदाहरणे आहेत. मुंबईत महालक्ष्मी ते वरळी या भागात डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा रस्ता आहे. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले हे डॉ. एलिजा मोझेस मूळचे राजपूरकर होत. पित्याचे नाव आडनावाच्या जागी आले आणि गाव मागे पडले. नगरात स्थायिक झालेल्या अनेक बेने इस्राएल कुटुंबांत असेच घडले. अशा ठिकाणी वंशशोधकास आडनावाचा धागा पहिल्या पिढीतच तुटलेला आढळतो.

व्यक्तिनामांची अडचण याहून सूक्ष्म आहे. धर्मविधीत हिब्रू नाव आणि व्यवहारात मराठी वळणाचे नाव, अशी दुहेरी पद्धती या समाजात दीर्घकाळ होती. मुंबईतील सर्वांत जुने यहुदी मंदिर १७९६ साली ज्यांनी बांधले, ते कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांत समाजी हसाजी या नावाने ओळखले जात. शमुवेलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. त्याच रीतीने अब्राहामाचा अबाजी आणि मोशेचा मुसाजी होई. मंदिराच्या दप्तरातील शमुवेल आणि पलटणीच्या यादीतील समाजी हे एकच गृहस्थ, हे ज्याला ठाऊक नाही, तो एका माणसाची दोन माणसे करील. उलटपक्षी ‘अबाजी’ हे नाव मराठी समाजात इतके सामान्य आहे की, केवळ नावावरून एखाद्या जुन्या कागदातील इसम बेने इस्राएल ठरविणे धोक्याचे होय.

लेखी पुरावा किती मागे जातो, हे आता पाहू. कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल राहबी यांनी १७६८ साली ॲम्स्टरडॅम येथे पाठविलेल्या पत्रात मराठी मुलखात विखुरलेल्या बेने इस्राएलांचा उल्लेख आहे. ते तेलाचे घाणे चालवितात, काही शिपाईगिरी करतात, ‘शमा’ ही प्रार्थना म्हणतात आणि शब्बाथ पाळतात, अशी माहिती त्यात दिली आहे. हे पत्र समाजाविषयी आहे. कोणत्याही एका कुळाची वंशावळ त्यातून मिळत नाही. दाविद राहबी नामक धर्मशिक्षकाने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मकृत्ये शिकवून काजी नेमले, अशी दुसरी परंपरा आहे. हे काजीपद वंशपरंपरेने चालत आल्यामुळे या घराण्यांत पूर्वजांची नावे जपून ठेवण्यास व्यावहारिक कारण होते. परंतु दाविद राहबी कोणत्या शतकात होऊन गेला, याविषयीच विद्वानांत मतभेद आहेत.

कुळाच्या दृष्टीने भरवशाची साधने त्यानंतरची आहेत. त्यांत पलटणींच्या नोंदी व निवृत्तिवेतनाचे कागद, मंदिरांची दप्तरे, दफनभूमीतील हिब्रू व मराठी लेख असलेले दगड आणि विवाहप्रसंगी लिहिला जाणारा ‘कतुबा’ हा करार यांचा समावेश होतो. कतुब्यात वर व वधू या दोघांच्याही नावांपुढे पित्याचे नाव असते, त्यामुळे तो दोन पिढ्यांना जोडणारा पक्का दुवा ठरतो. अशा दुव्यांनी मागे जात १७९६ च्या सुमारास पोहोचणारे कुळ भाग्यवान म्हणावे लागेल. आजपासून त्या काळापर्यंत आठ-नऊ पिढ्या होतात. तेथून परंपरेने सांगितलेल्या इसवी सनापूर्वीच्या १७५ या वर्षापर्यंत सुमारे १,९७० वर्षांचे अंतर उरते. पिढीस तीस वर्षे धरली तरी त्यात पासष्टाहून अधिक पिढ्या बसतात, आणि त्यांपैकी एकीचेही नाव लेखी पुराव्याने सांगता येत नाही.

याच्या तुलनेसाठी अमेरिकेतील प्युरिटन वसाहतकारांचे उदाहरण उपयुक्त आहे. तेही धर्मासाठी स्वदेश सोडून समुद्रापार गेलेले लोक होते. परंतु ‘मेफ्लॉवर’ जहाजाने १६२० साली गेलेल्या प्रवाशांची कुटुंबवार यादी त्यांचाच एक पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवण्याचा हुकूम १६३९ सालीच निघाला, आणि १८४५ साली बोस्टन येथे वंशेतिहासाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. त्यामुळे तेथील अनेक कुळांचा वंश पहिल्या वसाहतकारापर्यंत पिढी न गाळता नेता येतो. तरीही त्या कुळांत ‘तीन भाऊ समुद्रापलीकडून आले’ अशी कथा वारंवार सांगितली जाते, आणि कागद तपासले असता ती बहुधा निराधार ठरते. ज्या समाजापाशी कागद आहेत, तोही आपल्या आरंभाची आठवण ठरीव साच्यात घालतो, हे यावरून ध्यानात येते.

नवगावच्या कथेस असाच साचा असावा, असे मानण्यास जागा आहे. सात पुरुष व सात स्त्रिया मिळून चौदा होतात. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव केले, ही चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा याच किनाऱ्यावरील आहे. दोन्ही कथांतील साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. मात्र साम्यामुळे कथा खोटी ठरते असे नव्हे. समाजाने आपले परकेपण व आपले कोकणीपण एकाच कथेत कसे बसविले, याचा तो पुरावा आहे. कुळाच्या वंशावळीतील पहिले नाव म्हणून मात्र तिचा उपयोग करता येत नाही.

वंशाचा प्रश्न समाजाच्या आतही निर्दोष राहिला नव्हता. ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भाग पूर्वी मानले जात. काळे इस्राएल म्हणजे अन्य समाजातील स्त्रियांपासून झालेली संतती, अशी समजूत होती आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळला जाई. ज्यांच्यापाशी स्वतःच्या आठ पिढ्यांचाही पुरावा नसे, ते दुसऱ्याच्या आजीविषयी निर्णय देत. १९४८ नंतर इस्राएल राष्ट्रात स्थलांतर केल्यावर हाच न्याय संपूर्ण समाजाला लावण्यात आला. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढीपर्यंत चौकशी करावी.

या आदेशाची खरी कठोरता वंशशोधाच्या पद्धतीतून स्पष्ट होते. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे जन्मसिद्ध यहुदीपण आईकडून येते, म्हणून चौकशी आई, आईची आई, तिची आई अशी जावयाची. परंतु ‘कर’ हे आडनाव बापाकडून येते. मुलगी विवाहानंतर सासरच्या गावी जाते आणि तेथील नावाने ओळखली जाते. कतुब्यात वधूच्या पित्याचे नाव असते, मातेचे नसते. म्हणजे समाजापाशी जो काही पुरावा होता तो पितृवंशाचा, आणि मागणी होती मातृवंशाची. कोकणातील खेड्यातून गेलेल्या एखाद्या तरुणाने पणजीच्या आईचे कागद आणावेत कोठून? शिवाय ही चौकशी अन्य देशांतून आलेल्या यहुद्यांना या रीतीने लागू नव्हती. विवाहाच्या दारात उभे राहिलेल्यांवर आपले यहुदीपण सिद्ध करण्याची पाळी यावी, याने समाज व्यथित झाला. मोठे आंदोलन उभे राहिले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या लोकसभेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठरावाने जाहीर केले आणि धर्मपीठाने आदेशातून या समाजाचा नामनिर्देश वगळला. येथे प्रश्न सुटला तो वंशावळ सापडल्यामुळे नव्हे. वंशावळीची ती मागणीच अन्याय्य ठरल्यामुळे.

पुढील काळात आनुवंशविज्ञानाने या विषयात भर घातली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेने इस्राएलांच्या रक्तसंबंधात मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय अशा दोन्ही परंपरांचा भरीव वाटा आढळला. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असून त्यात यहुदी अंश अधिकतर पुरुषांकडून व स्थानिक अंश अधिकतर स्त्रियांकडून आला, असा त्याचा निष्कर्ष आहे. पिढीस तीस वर्षे धरल्यास हा काळ ५७० ते ९९० वर्षांपूर्वीचा येतो. दूरदेशाहून आलेल्या यहुद्यांची स्मृती त्यामुळे सर्वसाधारणपणे दृढ होते. परंतु सात यहुदी स्त्रियांचा तपशील अक्षरशः घेता येत नाही. तसेच हे विज्ञान समूहाविषयी बोलते. अमुक पनवेलकराचा पणजा कोण, हे ते सांगत नाही. धर्माने कोण यहुदी, याचाही निर्णय त्याने होत नाही, कारण दीक्षेने धर्मात आलेली व्यक्ती व तिची संतती यहुदीच मानली जाते.

तेव्हा वंशशोधाचा क्रम ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणारा असला पाहिजे. प्रथम जिवंत वृद्धांच्या तोंडून आजी-आजोबांची दोन्ही प्रकारची नावे, विशेषतः स्त्रियांची माहेरची नावे, लिहून घ्यावीत. मग दफनभूमीतील दगड, मंदिराचे दप्तर, कतुबा व सरकारी कागद यांनी प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासावा. जेथे कागद संपतो तेथे वंशावळही थांबवावी, आणि नवगावची कथा तिच्या शिरोभागी न जोडता शेजारी स्वतंत्र लिहावी. या कामास अवधी फार नाही. समाजाचा मोठा भाग इस्राएलमध्ये स्थायिक झाला आहे, आणि ज्या गावांच्या नावांनी आडनावे झाली त्यांपैकी बहुतेकांत आता एकही बेने इस्राएल घर उरलेले नाही. दगडावरील अक्षरे पावसाळ्यागणिक झिजत आहेत. आधी त्यांच्या नकला झाल्या पाहिजेत. मूळ पुरुषाचा विचार मागाहून केला तरी चालेल.