परदेशात पीटीएसडीवर परवडणारे उपचार : आधी 'परवडणारे' म्हणजे काय ते ठरवू

परदेशी विद्यापीठात पीएचडीला जागा मिळाली की आपल्याकडे याद्या सुरू होतात. व्हिसा, शिष्यवृत्तीचं पत्र, थंडीचे कपडे, छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट. विमासुद्धा त्या यादीत असतो, पण 'व्हिसाला लागतो म्हणून'. त्या विम्यात मानसोपचार बसतात का, हे विचारणारं फारसं कुणी नसतं. ज्याला खरंच गरज असते तो तर मुळीच विचारत नाही, कारण विचारायचं म्हणजे सांगायचं आलं.

एक उदाहरण कल्पनेतलं घेऊ. रहिमतपूरचा एक मुलगा, बीएस्सीला सांगलीत खोली करून राहिलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पाण्यानं २००५ च्या महापुराची पातळी ओलांडली, त्या दिवसांत तो तिथेच अडकला होता आणि डोळ्यांदेखत त्यानं माणूस वाहून जाताना पाहिला. पुढं पदव्युत्तर शिक्षण झालं, नेट झालं, आता जर्मनीत लाइपझिगला संशोधन करतोय. पावसाचा आवाज वाढला की त्याचे हात थंड पडतात, झोप उडते, प्रयोगशाळेत लक्ष लागत नाही. घरी फोनवर तो 'हवा मानवत नाही' एवढंच सांगतो. त्याला उपचार कुठे मिळतील आणि ते परवडतील का? प्रश्न साधा दिसतो. पण संशोधनाच्या नजरेनं बघितलं तर यातला प्रत्येक शब्द आधी नीट व्याख्या करून घ्यावा लागतो, आणि तेच आज करून बघायचंय.

सुरुवात आजाराच्या नावापासून. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली आलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसांनी जे भोगलं त्याला हे नावच नव्हतं. 'धसका घेतलाय' म्हणायचे, आणि तो शब्द काही वाईट नाही. पण धसका आणि पीटीएसडी एकच नव्हेत. सध्याच्या डीएसएम-५ नुसार (२०१३) पहिली अट अशी की मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांच्याशी माणसाचा सामना झालेला असावा: स्वतःवर बेतलेलं, प्रत्यक्ष पाहिलेलं, जवळच्याच्या बाबतीत कळलेलं, किंवा कामाचा भाग म्हणून वारंवार समोर आलेलं. मग लक्षणांचे चार गट: घटना पुन्हा पुन्हा अंगावर येणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, विचार आणि भावना यांत नकारात्मक बदल, आणि सतत सावध, दचकत राहणं. हे महिन्याहून जास्त काळ टिकलेलं असावं आणि त्यानं रोजचं जगणं बिघडलेलं असावं. थोडक्यात, गाईडनं सगळ्यांसमोर झापलं हा पीटीएसडी नव्हे, कितीही वाईट वाटलं तरी. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात लक्षणांचे गट तीनच आहेत, आणि दीर्घकाळच्या आघातासाठी 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे वेगळं निदान आहे. तुमच्या प्रबंधात कुठली व्याख्या धरलीत हे पहिल्या प्रकरणात लिहा, नाहीतर पुढचे सगळे आकडे हवेत लटकतात.

पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची चाचणी मोफत मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं असं धरतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. 'मला ४० आले, मला पीटीएसडी आहे' असं म्हणू नका, आणि '२५ आले, मला काही नाही' असंही नको.

आता उपचार. 'थेरपी' हा शब्द आपण फार ढिला वापरतो. कुणाशी तरी बोलून मोकळं होणं चांगलंच, पण पीटीएसडीवर सिद्ध झालेल्या पद्धती ठरावीक आहेत: आघात-केंद्रित सीबीटी आणि तिच्या कुळातल्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, शिवाय ईएमडीआर आणि नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी. ब्रिटनच्या नाइस संस्थेची डिसेंबर २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आघात-केंद्रित सीबीटीची साधारण ८ ते १२ सत्रं सुचवतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं खर्चाचं गणित त्याच्यावर उभं आहे. वर्षानुवर्षं चालणारं हे काम नाही, त्याला शेवट आहे. आणि घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून 'काय काय झालं ते सांगा' असं वदवून घेणं ही पद्धत वापरू नये, असंही तीच तत्त्वं सांगतात. आपल्याकडे आपत्तीनंतर उत्साही स्वयंसेवक नेमकं हेच करतात.

मग परवडणं. फी गुणिले सत्रं इतकं सोपं असतं तर हा लेख इथंच संपला असता. आपल्याकडच्या शहरात खासगी थेरपिस्टचं एक सत्र दीड हजाराला धरा, बारा सत्रांचे अठरा हजार. पण आमच्या रहिमतपुरातून साताऱ्याला किंवा पुण्याला जाणाऱ्याचा एसटी-रेल्वेचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचा दिवस, आणि 'कुठं चाललाय दर आठवड्याला?' याचं उत्तर, हे सगळं त्यात मिळवावं लागतं. परदेशात प्रवासाची जागा प्रतीक्षा घेते. उपचार फुकट आहेत पण सात महिन्यांनी, आणि तुमची शिष्यवृत्ती सहा महिन्यांच्या प्रगती-अहवालावर अवलंबून. असे उपचार परवडले म्हणायचं का? माझ्या मते नाही. संशोधनात ही किंमत मोजली नाही तर फुकट सेवा कागदावर नेहमीच जिंकते.

देशागणिक चित्र फार बदलतं. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबत आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. चार वर्षांचे ३,१०४ पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांच्या वर. एवढे भरूनही आपली मुलं स्वतःच्या खिशातून खासगी थेरपिस्ट शोधतात, याचं मला नवल वाटतं. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज ही सेवा आहे. डॉक्टरकडे नोंदणी झाली की स्वतःच अर्ज करता येतो, चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत, दुभाषाही मागता येतो. सेवेचं उद्दिष्ट असं की ७५ टक्के लोकांचे उपचार ६ आठवड्यांत आणि ९५ टक्क्यांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. यात संशोधक म्हणून एक गंमत बघा. मोजलं जातं ते पहिल्या सत्रापर्यंतचं अंतर. पहिल्या आणि दुसऱ्या सत्रात किती दिवस गेले, हे त्या उद्दिष्टात येत नाही. कुठलाही सरकारी आकडा वाचताना घड्याळ कुठं सुरू झालं आणि कुठं थांबवलं, हे विचारायची सवय लावा.

जर्मनीत आपल्या त्या मुलाकडे विद्यापीठाच्या नोकरीचा करार असेल तर तो सार्वजनिक आरोग्यविम्यात असतो आणि मानसोपचार त्यात बसतात. प्रौढांच्या पीटीएसडीसाठी ईएमडीआरही २०१५ पासून बसते. पहिल्या सल्ल्याची वेळ ११६११७ या क्रमांकावरून मिळवता येते. अडचण पुढं आहे. सल्ला लवकर मिळतो, प्रत्यक्ष थेरपीला मात्र बरेचदा कित्येक महिने लागतात, आणि दुभाषाचा खर्च विमा सहसा देत नाही. जो शिष्यवृत्तीवर गेलाय आणि ज्यानं व्हिसापुरता स्वस्त खासगी विमा काढलाय, त्याची अवस्था आणखी अवघड, कारण अशा पॉलिसींमध्ये मानसोपचार आणि आधीपासूनचे आजार बरेचदा वगळलेले असतात. बारीक अक्षरातलं तेवढं एक पान निघण्याआधी वाचाच.

अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांचं समुपदेशन केंद्र मोफत किंवा नाममात्र असतं, पण ते थोड्या सत्रांपुरतं. नंतर बाहेर पाठवतात आणि तिथं एका सत्राला शंभर-दोनशे डॉलर सहज जातात. कमी माहीत असलेली वाट अशी की मानसशास्त्राचे पीएचडी विद्यार्थी जिथं देखरेखीखाली शिकतात ती प्रशिक्षण-क्लिनिकं उत्पन्नानुसार फी घेतात. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्या प्रत्येक केसवर अनुभवी माणसाची नजर असते.

इथं हमखास विचारलं जातं: मग पुण्यातल्याच थेरपिस्टशी व्हिडिओवर का बोलू नये? मराठीत, आपल्या दरात? मोह समजण्यासारखा आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही थोडा आहे. मॅरियन आणि नाइसर यांनी २००० साली रशियन-इंग्रजी द्विभाषिकांवर दाखवलं की ज्या भाषेत प्रसंग घडला त्या भाषेत विचारलं तर त्या काळातल्या आठवणी जास्त सहज वर येतात. 'पाणी चढत होतं' आणि त्याचं इंग्रजी, दोन्हींनी पोटात सारखाच गोळा येतो असं नाही. पण कायदा माणूस कुठल्या भाषेत बोलतो ते बघत नाही, तो कुठं बसलाय ते बघतो. अमेरिकेत साधारण नियम असा की रुग्ण ज्या राज्यात आहे तिथला परवाना थेरपिस्टकडे हवा. आपल्याकडच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांसाठी भारताबाहेरचे सल्ले स्पष्टपणे कक्षेबाहेर ठेवले आहेत. शिवाय रात्री काही बिनसलं तर पुण्यातला माणूस लाइपझिगमध्ये रुग्णवाहिका कशी बोलावणार? त्यामुळं मधला मार्ग मला बरा वाटतो. शक्य असेल तर निघण्याआधी इथंच उपचार पूर्ण करायचे. बारा सत्रं म्हणजे तीन महिने, आणि प्रवेशपत्र ते विमान यात साधारण तेवढे असतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात तपासणी आणि औषधं जवळपास फुकट मिळतात. टेली-मानस १४४१६ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आघात-केंद्रित थेरपी मिळेलच असं नाही, पण कुठं मिळेल हे विचारता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कुणी सांगितलं तर पुनर्वास परिषदेची नोंदणी बघा.

आता तुमच्यासाठी सगळ्यात रसाळ भाग: स्वस्त उपचार कामाचे असतात का? युगांडातल्या नाकिवाले निर्वासित वसाहतीत नॉयनर आणि सहकाऱ्यांनी रवांडा आणि सोमालियाच्या २७७ निर्वासितांवर एक अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थेरपी देणारे डॉक्टर नव्हते, निर्वासितांमधूनच निवडून प्रशिक्षण दिलेले लोक होते. नॅरेटिव्ह एक्स्पोजर गटातल्या सुमारे ७० टक्के आणि साध्या आघात-समुपदेशन गटातल्या ६५ टक्के लोकांमध्ये पुढं पीटीएसडीचे निकष उरले नाहीत. वाचून टाळ्या वाजवण्याआधी तिसरा गट बघा. ज्यांच्यावर फक्त लक्ष ठेवलं त्यांच्यातही हे प्रमाण ३७ टक्के होतं. म्हणजे काही माणसं काळानंही सावरतात. तुलनेचा गट नसता तर ते श्रेयही थेरपीनं खाल्लं असतं.

दुसरा अभ्यास ब्रिटनचा, २०२२ चा, बीएमजेमधला. 'स्प्रिंग' नावाचा इंटरनेटवरचा कार्यक्रम, सोबत थेरपिस्टचे जास्तीत जास्त तीनेक तास, विरुद्ध समोरासमोरची नेहमीची सीबीटी. १९६ लोक, एकाच घटनेतून आलेला सौम्य ते मध्यम पीटीएसडी. १६ आठवड्यांनी स्वस्त पद्धत कमी ठरली नाही, ५२ आठवड्यांना मात्र निष्कर्ष तितका ठाम राहिला नाही. आपल्या त्या मुलाला हा निष्कर्ष लागू होईल? घटना एकच, लक्षणं मध्यम असतील तर कदाचित. पण कार्यक्रम इंग्रजीत आहे, आणि अभ्यासातली माणसं स्वतःच्या देशात राहत होती, व्हिसावर नाही.

गोव्यातल्या 'संगत' संस्थेचं काम तुम्ही वाचलं असेलच. सामान्य शिक्षण असलेल्या समुपदेशकांनी दिलेले थोड्या सत्रांचे उपचार नैराश्यावर परिणामकारक ठरतात, हे २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. आपल्या कोकणी-मराठी पट्ट्यातलं काम म्हणून ते प्रत्येक प्रस्तावात उद्धृत होतं, पीटीएसडीच्या प्रस्तावातसुद्धा. इथं हात आखडा. तो पुरावा नैराश्याचा आहे. पीटीएसडीसाठी तीच रचना चालेल, हे गृहीतक म्हणून लिहा, आधार म्हणून नाही.

आणि महाराष्ट्रातला आधार हवा असेल तर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाकडे परत जा. १९९६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत त्या भूकंपातून वाचलेल्यांवरचा प्राथमिक अहवाल आला, त्यात पीटीएसडी आणि नैराश्य ठळकपणे पुढं आलं. त्या वेळची मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यातली काही दुबईत, काही टेक्सासमध्ये असतील. त्यांनी उपचार कुठं, कोणत्या भाषेत, किती पैशांत शोधले, हा विषय एका प्रबंधाला पुरेल. फक्त मुलाखतीला बसण्याआधी नैतिकता समितीची मान्यता घ्या, आणि समोरचा माणूस बोलता बोलता कोसळला तर तुम्ही कुणाला फोन करणार, त्याचं नाव-नंबर प्रस्तावात लिहा. 'आवश्यक ती मदत केली जाईल' हे वाक्य चालत नाही.

ज्यांना सध्या संशोधन नाही, स्वतःसाठीच उत्तर हवंय, त्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आजच एक ईमेल टाका. स्वतःबद्दल एक अक्षरही न लिहिता एवढं विचारा: विद्यार्थी-विम्यात मानसोपचार बसतात का, आधीपासूनच्या आजारासह? वर्षाला किती सत्रं? दर सत्राला माझ्या खिशातून किती? समुपदेशन केंद्रात आघात-केंद्रित थेरपी शिकलेलं कुणी आहे का? आणि आज नाव नोंदवलं तर पहिलं सत्र केव्हा, दुसरं केव्हा?