सात टिचक्यांचे दालन

घरातल्या अँड्रॉइड फोनमध्ये असे एक दालन आहे, की ते एरवी यादीत दिसतच नाही. ते उघडायला किल्ली नको, सात टिचक्या पुरतात. सेटिंग्जमधले ‘अबाउट फोन’ हे पान काढा आणि ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर बोटाने टिचक्या मारत राहा. (काही फोनांत ही ओळ ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मध्ये दडलेली असते.) तिसऱ्या टिचकीला फोन सांगू लागतो, आता चारच पायऱ्या उरल्या! सातवी पडली, की स्क्रीनच्या कुलपाचा आकडा विचारून तो तुम्हाला ‘डेव्हलपर’ करून टाकतो. २०१२ साली आलेल्या अँड्रॉइड ४.२ पासून हे दालन असे झाकलेले आहे.

पण फोन बहुधा आईचा किंवा बाबांचा असतो. त्यातले फोटो पुसले गेले तर? भीती रास्त आहे; म्हणून आत काय घडते ते पाहू या. फोन सातपासून उलट मोजतो. शून्य आले, की सेटिंग्जच्या नोंदवहीत एका नोंदीपुढे ० होता तेथे १ लिहितो. एवढेच! फोटो, निरोप, फोन नंबर यांना धक्काही लागत नाही. दालन बंद केले, की त्या १ चा पुन्हा ०.

आत गेल्यावर ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा आणि पडद्यावरून बोट फिरवा. बोटाचे क्ष आणि य हे निर्देशक वरच्या पट्टीत धावू लागतील. बोट खाली नेले, की य वाढतो! आपल्या आलेखाच्या वहीत नेमके उलटे असते. याचे कारण असे, की पडद्याचा आरंभबिंदू डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात धरलेला असतो. शेजारी बोटाचा वेगही दिसतो, दोन्ही दिशांचा वेगवेगळा. भौतिकीच्या तासाला याहून स्वस्त साधन कोठले मिळणार?

मग ‘डेव्हलपर केले आणि सगळे गेले’ असे लोक का म्हणतात? बहुतेक वेळा ती गोष्ट दुसरीच असते: बूटलोडर अनलॉक करणे. फोन सुरू होताना अगदी आधी धावणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. पुढे सुरू होणारी प्रणाली अस्सल आहे ना, हे तो डिजिटल सहीवरून तपासतो. ही तपासणी सैल केली, तर हवी ती प्रणाली फोनवर चढवता येते. आता समजा, फोन चोराच्या हाती लागला आणि त्याने स्वतःची प्रणाली चढवून तुमचे फोटो वाचले, तर कुलूप काय कामाचे? म्हणून तपासणी सैल होतानाच मालकाची माहिती पुसली जावी, असा अँड्रॉइडचा नियम आहे.

पुसण्याची रीतही मोठी चतुर. अब्जावधी अक्षरे एकेक करून खोडत बसावे लागत नाही. माहिती मुळातच सांकेतिक रूपात साठवलेली असते. अँड्रॉइड १० (२०१९) घेऊन आलेल्या फोनांपासून तर ते सक्तीचेच झाले. संकेताची किल्ली नष्ट केली, की उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. तो कोणालाच, अगदी मालकालाही, वाचता येत नाही.

दालनातला ‘ओईएम अनलॉकिंग’ हा खटका याच वाटेवरचा आहे. नुसता खटका दाबल्याने काही पुसले जात नाही, ती फक्त परवानगी असते. पण दुसऱ्याच्या फोनवर त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘यूएसबी डीबगिंग’चे तसेच. त्यामुळे तारेने जोडलेला संगणक फोनला हुकूम सोडू शकतो. या संगणकावर विश्वास ठेवू का, असे फोन आधी विचारतो, बरे का! अनोळखी संगणक असेल तर ‘नाही’ म्हणा.

प्रयोग आटोपला, की पानाच्या माथ्यावरचा खटका बंद करायला विसरू नका. हे दालन उघडे दिसले, तर काही बँकांची ॲप्स चालायलाच नकार देतात आणि मग आई विचारील, फोनला केलेस तरी काय?