वेशीवरची चित्रपटगृहे

पुण्याच्या मंडईजवळ गाड्या लावण्याची एक जागा आहे. तिला लोक 'आर्यन' म्हणतात. १९१५ साली तेथे आर्यन चित्रपटगृह सुरू झाले व १९८३ साली ते बंद पडले, हे जुन्या पुणेकरांना सांगावे लागत नाही. नव्यांना नाव ठाऊक असते, पण नावामागचे कारण ठाऊक नसते. वास्तू गेली, तिच्या जागी मोटारी आल्या आणि वास्तूचे नाव मोटारींच्या जागेला चिकटून राहिले. त्यामुळे उद्या कोणी पुण्याच्या जुन्या चित्रपटगृहांचा नकाशा करू लागला, तर आर्यनची जागा शोधण्यास त्याला फार श्रम पडणार नाहीत.

परंतु जे चित्रपटगृह मुळातच एक मोठा वाहनतळ होते, ज्याला छप्पर नव्हते, भिंती नव्हत्या, खुर्च्याही नव्हत्या, ते नाहीसे झाल्यावर शोधायचे कसे? अमेरिकेतील पुष्कळ शहरांत हा प्रश्न जुन्या गोष्टींची आवड असणाऱ्या नागरिकांपुढे उभा आहे. आम्ही त्यांतील एकच शहर, लॉस एंजेलिस, येथे घेणार आहोत. चित्रपटाचे माहेरघर तेच आणि मोटारींचेही. तेथील 'ड्राइव्ह-इन' चित्रपटगृहे कोठे होती, ती का गेली आणि त्यांचा माग कसा काढतात, हे पाहिले म्हणजे शहर वाढते तेव्हा काय घडते, याचाही थोडा उलगडा होईल असे आम्हांस वाटते.

प्रथम ही वस्तू काय होती ते पाहू. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डन येथे रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाचे गृहस्थ राहत असत. मोटारीला लागणाऱ्या वस्तूंचा त्यांच्या घरचा व्यवसाय होता. आपल्या अंगणात त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर चित्रपटाचे यंत्र ठेवले, झाडांना पडदा बांधला आणि मोटारीत बसून चित्र कसे दिसते ते पाहिले. पुढच्या गाडीमुळे मागच्याची दृष्टी अडते, हे लक्षात येताच त्यांनी गाडीची पुढची चाके ठोकळ्यांवर चढवून निरनिराळे उतार अजमावले. यातूनच या चित्रपटगृहाची खरी युक्ती निघाली. जमिनीवर पडद्याकडे तोंड करून मातीचे लांब बांध घालावयाचे. प्रत्येक बांध पडद्याभोवती कमानीसारखा वळलेला असावयाचा. गाडीने आपली पुढची चाके बांधावर चढवून उभे राहावयाचे, म्हणजे आतील माणसांची नजर पुढच्या गाडीच्या टपावरून पडद्यावर जाते. या रचनेचे पेटंट त्यांना १६ मे १९३३ रोजी मिळाले आणि ६ जून १९३३ रोजी त्यांचे चित्रपटगृह सुरू झाले. दर गाडीमागे पंचवीस सेंट व दर माणशी पंचवीस सेंट असा आकार होता.

प्रारंभी आवाजाची मोठी अडचण होती. कर्णे पडद्यापाशी असत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा पडद्यापासून १७० मीटरवर उभ्या असलेल्या गाडीत शब्द पोहोचावयास अर्धा सेकंद लागे. पात्राचे ओठ मिटत आणि मग वाक्य ऐकू येई. शिवाय आसपास राहणाऱ्यांना, तिकीट न काढता आणि इच्छा नसताना, रोज रात्री सगळे संवाद ऐकावे लागत, ते निराळेच. १९४१ साली आर.सी.ए. कंपनीने गाडीच्या काचेवर टांगावयाचा लहानसा कर्णा आणला आणि ही अडचण दूर झाली. पुढे १९४९ साली अपील न्यायालयाने हॉलिंग्सहेड यांचे पेटंट रद्द ठरविले. जमिनीला असा उतार देणे हा काही पेटंट देण्याजोगा शोध नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. युद्ध संपले होते, मोटारी पुन्हा मिळू लागल्या होत्या, घरोघरी लहान मुले होती. आता मालकी हक्काचा अडसरही गेला. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांच्यावर ड्राइव्ह-इन होती. मुलांना रात्रीचे कपडे घालूनच आणावे, त्यांनी पडद्याखालच्या झोपाळ्यांवर खेळावे व चित्रपट सुरू झाल्यावर मागच्या बैठकीवर झोपून जावे, अशी ती करमणूक होती. मूल रडले तरी शेजाऱ्याचा रसभंग होत नसे.

आता लॉस एंजेलिसकडे वळू. या शहरातील, नव्हे सबंध कॅलिफोर्निया राज्यातील, पहिले ड्राइव्ह-इन सप्टेंबर १९३४ मध्ये पिको व वेस्टवुड या दोन हमरस्त्यांच्या चौकात उघडले. शहराच्या मध्यापासून पश्चिमेला हे ठिकाण पंधरा-सोळा किलोमीटर दूर. लवकरच वस्ती तेथवर आली. ड्राइव्ह-इन उठले आणि १९४० च्या दशकात त्या जागी चार भिंतींचे नेहमीसारखे चित्रपटगृह उभे राहिले. दोन्ही रस्त्यांची नावे जोडून त्याला 'पिकवुड' असे नाव दिले होते. १९८५ साली तेही पाडण्यात आले आणि तेथे 'वेस्टसाइड पॅव्हिलियन' नावाचा बाजाराचा मोठा इमला झाला. या शतकात तो बाजारही ओस पडला, त्याची कार्यालये करण्याचे काम झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने तो संशोधनासाठी विकत घेतला. नव्वद वर्षांत एका चौकाने इतकी रूपे पाहिली!

याच पद्धतीने इतर ठिकाणे पाहावी. कल्व्हर सिटीत सेपुल्वेडा व जेफरसन या रस्त्यांच्या चौकाशी १९४८ पासून 'स्टुडिओ ड्राइव्ह-इन' होते. १९९८ साली ते पाडले आणि तेथे घरे व शाळा झाली. उत्तरेकडे सॅन फर्नांडो खोऱ्यात रॉस्को हमरस्त्यावर 'व्हॅन नाइस ड्राइव्ह-इन' होते, तेथेही आज शाळा आहे. बरबँक येथील 'पिकविक ड्राइव्ह-इन' १९८९ साली बंद होऊन त्या जागी दुकाने आली. पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर माँटक्लेअर येथे १९५६ साली निघालेले 'मिशन' जानेवारी २०२३ पर्यंत टिकले. शेवटी मालाच्या गुदामांसाठी त्याची जमीन गेली.

ही ठिकाणे सालवारीने नकाशावर मांडली की एक गोष्ट दिसू लागते. ड्राइव्ह-इनला दहा ते वीस एकर जमीन लागते, आणि तिचा उपयोग रात्रीचे चार-पाच तास. एवढी जमीन अशा कामाला परवडते कोठे? जेथे शेत संपत आले आहे व शहर अजून पोहोचलेले नाही, तेथे. म्हणजे गावाच्या वेशीवर. जमिनीच्या मालकालाही ते सोयीचे असे. बांधकाम थोडे, उत्पन्न रोजचे, आणि भाव चढेपर्यंत जमीन हातात. म्हणून ज्या साली ड्राइव्ह-इन उघडले त्या सालची शहराची वेस तेथे होती, असे बहुधा म्हणता येते. आणि ज्या साली ते बंद झाले, त्या सालाच्या आगेमागे शहराने ती वेस ओलांडून जमिनीची किंमत वसूल केली, असेही म्हणता येते.

'बहुधा' असे आम्ही म्हटले, कारण अपवादही आहे. फेअरफॅक्स व थर्ड स्ट्रीट यांच्या चौकाजवळचे 'गिलमोर ड्राइव्ह-इन' १९४८ साली निघाले, तेव्हा त्याच्या चहूबाजूंना वस्ती झालेली होती. पण ती जमीन १८८० पासून एकाच घराण्याकडे होती. प्रथम तेथे दूधदुभत्याचा व्यवसाय होता. मग गुरांसाठी पाणी शोधताना तेल लागले. १९३४ साली शेतकऱ्यांचा बाजार भरू लागला आणि त्याच्या आसपास क्रीडांगणे झाली. शहराने वेढा दिला तरी मालकाने तुकडे करून विकली नाही, म्हणून ती जमीन शहराच्या पोटात राहूनही वेशीसारखी मोकळी राहिली. १९७० च्या दशकात तेथीलही पडदा उतरला. अपवादाचे कारणसुद्धा जमिनीतच सापडते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या धंद्याच्या ऱ्हासाची कारणे सांगताना दूरदर्शन संचाचे नाव प्रथम घेतात, आणि ते खरे आहे. पण आणखी एक कारण कोणाच्या सहसा लक्षात येत नाही. १९६६ च्या कायद्याने उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत अमेरिकेत बहुतेक सर्वत्र एकसारखी झाली. ड्राइव्ह-इनचा हंगाम उन्हाळ्याचा, आणि काळोख पडल्याखेरीज पडद्यावर काही दिसत नाही. खेळ एक तास उशिरा सुरू होऊ लागल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा-कामाला जाणारी मंडळी घरीच राहू लागली. मग कित्येक मालकांनी दिवसा त्याच आवारात जुन्या-नव्या वस्तूंचा आठवडे बाजार भरविला. चित्रपटापेक्षा बाजाराने ती जमीन अधिक दिवस राखली, असे म्हणण्यासारखी स्थिती काही ठिकाणी होती.

आता शोधाची रीत. पहिले साधन वर्तमानपत्रांतील जाहिराती. त्यांत नाव, रस्ता व चित्रपट दिलेला असतो. दुसरे साधन चित्रपट व्यवसायाची वार्षिके. त्यांत ड्राइव्ह-इनच्या याद्या असून किती गाड्या मावतात तेही दिलेले असते. तिसरे साधन सरकारी भूमापन खात्याचे नकाशे. त्यांवर ड्राइव्ह-इन नावानिशी दाखविण्याची चाल होती. परंतु सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे विमानातून घेतलेली छायाचित्रे. फेअरचाइल्ड कंपनीने लॉस एंजेलिसच्या परिसराची अशी छायाचित्रे वारंवार घेतली आणि तो संग्रह आज सांता बार्बरा येथील विद्यापीठात आहे. वरून पाहिले असता ड्राइव्ह-इन ओळखू येते ते एखाद्या उघडलेल्या पंख्यासारखे. टोकाशी पडदा आणि त्याच्याभोवती एकामागून एक कमानी. मावळत्या सूर्याचा प्रकाश पडद्यावर पडू नये म्हणून पडद्याचे तोंड शक्यतो पश्चिमेला ठेवीत नसत. त्यामुळे पंखा कोणत्या बाजूस उघडेल याचाही अंदाज बांधता येतो. पडदा काढून नेला, कचेरी पाडली, तरी मातीचे बांध वर्षानुवर्षे राहतात आणि छायाचित्रात त्यांच्या सावल्या दिसतात. आपल्याकडे जत्रेतला सिनेमाचा तंबू उठला की खुंट्यांच्या भोकांशिवाय मागे काही उरत नाही. त्या मानाने ड्राइव्ह-इन जमिनीवर आपली सही ठेवून जाते.

या साधनांपुढे माणसांच्या आठवणींची किंमत काय? फार मोठी, पण जपून वापरावी लागते. 'पिकवुड' आणि 'पिकविक' ही दोन नावे पाहा. एक छपराखालचे, एक उघड्यावरचे. दोहोंमध्ये डोंगरांची एक रांग. पण पन्नास वर्षांनी बोलणाऱ्याच्या जिभेवर ती सहज एक होऊ शकतात. दुसरा सापळा 'ड्राइव्ह-इन' या शब्दाचाच आहे. गाडीत बसून खाद्यपदार्थ घेण्याच्या उपाहारगृहालाही तेथे हेच नाव. जुन्या यादीतील प्रत्येक ड्राइव्ह-इनला चित्रपटगृह समजणारा फसलाच! तिसरे असे की पडदा एका रस्त्यावर आणि दरवाजा दुसऱ्या रस्त्यावर, यामुळे दोन प्रामाणिक माणसे दोन पत्ते सांगतात व दोघेही खरे असतात. चित्रपटांचीही साक्ष काढता येते. १९७८ च्या 'ग्रीस' या चित्रपटातील ड्राइव्ह-इनचा प्रसंग बरबँकच्या पिकविकमध्ये चित्रित झाला होता. मात्र पडद्यावर दिसते ते गावाचे नाव खरे मानून चालत नाही. म्हणून नियम एवढाच, की परस्परांशी संबंध नसलेल्या दोन साधनांनी दुजोरा दिल्यावाचून नकाशावर ठिपका मांडू नये.

मग केवळ छायाचित्रांवर का भागवू नये? कारण छायाचित्र जागा दाखविते, पण तेथे काय होते ते सांगत नाही. बांध किती होते हे विमानातून मोजता येईल. दिवसभर राबलेली आई तेथे पाय पसरून बसू शके आणि मुलांना गप्प करण्याची तिला काळजी नसे, ही गोष्ट कोणीतरी सांगितल्याखेरीज कळणार नाही. जागा कागद सांगतो आणि जागेचा अर्थ माणूस सांगतो. कागद पेढीत शंभर वर्षे टिकेल. माणसाचा तसा भरवसा नाही.

हा विषय परक्यांचाच आहे असे कोणी समजू नये. अहमदाबादेत १९७३ साली ड्राइव्ह-इन निघाले आणि तेथील एका मोठ्या रस्त्याचे नावच ड्राइव्ह-इन रोड पडले. मुंबईत वांद्र्याच्या पूर्वेस १९७० च्या दशकात असेच ड्राइव्ह-इन सुरू झाले, तेव्हा तो भाग खाडीकाठचा व दलदलीचा होता. या शतकाच्या आरंभी ते बंद पडले. त्याच सुमारास वांद्रे-कुर्ला संकुलातील जमीन देशातील अत्यंत महाग जमिनींत मोडू लागली होती. आज तेथे आलिशान बाजार आहे, आणि २०२१ साली त्याच्या गच्चीवर पुन्हा मोटारीत बसून पाहावयाचा पडदा लागला. शहराची वेस ओलांडली गेली, जमिनीला जागा उरली नाही, तेव्हा करमणूक गच्चीवर चढली. लॉस एंजेलिसचा नियम येथे वेगळा कोठे आहे?

वांद्र्याला जाऊन चित्रपट पाहिलेली माणसे आज आपल्यात आहेत. आर्यनच्या बाकावर बसलेलीही आहेत. त्यांच्यापाशी बसून चौक कोणता, दरवाजा कोणत्या बाजूला, बरोबर कोण होते, घरी कसे परतलात, असे चार प्रश्न विचारावे, उत्तरे तारीख घालून लिहून ठेवावी आणि मग ती जुन्या नकाशाशी ताडून पाहावी. या कामाला विद्वत्ता लागत नाही. एक वही आणि एक संध्याकाळ लागते. ते काम पुढच्या वर्षावर टाकू नये, एवढीच आमची विनंती आहे.