नाडीचे ठोके आणि दफ्तरातील नोंद

अनियमित नाडीमुळे होणारे मृत्यू कोठे अधिक आणि कोठे कमी, हे दाखविणारा रंगीत नकाशा हाती पडला की गडद रंगाचा मुलूख रोगट आणि फिकट रंगाचा निरोगी, असा निवाडा देऊन वाचक मोकळा होतो. वस्तुतः त्या रंगात हृदयाइतकाच दफ्तराचाही हात असतो.

नवी मुंबईचेच पाहा. महाडचा एखादा गृहस्थ रात्री रुग्णवाहिकेतून नेरूळच्या रुग्णालयात येतो आणि पहाटे तेथेच देह ठेवतो, तेव्हा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये त्याची नोंद जेथे मृत्यू घडला तेथेच, म्हणजे नवी मुंबईच्या दफ्तरी होते. अर्जात राहत्या पत्त्याचा रकाना असतो खरा, परंतु आकडे मांडणाऱ्याने तो विचारात घेतला नाही, तर गावचे दुखणे शहराच्या खाती जमा होते. उलट बाजूही तितकीच फसवी. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या या नगरात नोकरदारांचा भरणा झाला, त्यांपैकी पुष्कळांचे आईबाप रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडेच राहिले. आणि अनियमित नाडीचा हा विकार वयाबरोबर बळावणारा असल्याने, वयाचा फरक वजा न करता या दोन ठिकाणचे मृत्युदर ताडून पाहणे म्हणजे महाविद्यालयाचे वसतिगृह आणि पेन्शनरांची आळी यांची तुलना करणे होय.

तथापि हा निव्वळ म्हातारपणाचा आजार, असेही कोणी समजू नये. भारतीय रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत सरासरी वय ५५ च्या आसपास निघाले, आणि जवळजवळ निम्म्यांच्या मुळाशी बालपणीच्या संधिज्वराने बिघडलेली हृदयाची झडप होती. नाडी चुकली की माणूस जागच्या जागी जातो, हा समजही अतिरंजित आहे. हृदयाचा वरचा कप्पा म्हणजे अलिंद थरथरू लागले की त्यात रक्त साकळते, गुठळी मेंदूकडे जाते, किंवा हृदय हळूहळू थकते. ४७ देशांतील, तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या १५,००० हून अधिक रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात एकंदर ११ टक्के दगावले, आफ्रिकेत २० टक्के, दक्षिण अमेरिकेत १७. या मृत्यूंपैकी ३० टक्के हृदय निकामी झाल्याने व अवघे ८ टक्के पक्षाघाताने झाले. अंतर खरे आहे, पण ते मोजावे लागते रुग्णांवरून, दाखल्यांवरून नव्हे.

कारण दाखल्याची कथा निराळीच. २०२० साली देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र होते. रुग्णालयाने भरावयाच्या नमुना ४ मध्ये कारणे एकाखाली एक लिहावयाची असतात, आणि हृदय निकामी होणे ही मरणाची रीत आहे, कारण नव्हे, असे त्यावरच बजावलेले असते. तरी घाईत तेच उतरते. उलट तिसऱ्या ओळीत संधिज्वराची झडप लिहिली, तर गणना मूळ कारणाची होते आणि अनियमित नाडी आकड्यांतून नाहीशी होते. पुष्कळदा हे सारे ठरते ते मयताच्या मुलाने आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या ईसीजीची पट्टी डॉक्टरांच्या हाती लागते की नाही, यावर.