कॅम्पस सुट्टीवर, फीचा हिशेब चालू: अमेरिकेतल्या स्टुडंट गव्हर्नमेंटचा उन्हाळा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "आम्हाला काय त्याचं?" विषय आहे अमेरिकेतल्या विद्यापीठांमधलं स्टुडंट गव्हर्नमेंट. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेलं हे मंडळ उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करतं आणि फॉल सेमिस्टरसाठी काय ठरवतं, ते आज बघू. तुमच्यापैकी कोणी या ऑगस्टमध्ये एमएस करायला जाणार असेल, कोणाची ताई किंवा मित्र तिकडे असेल, तर हा भाग थेट तुमच्या खिशाबद्दल आहे. एक गोष्ट तर खिशापेक्षाही मोठी आहे. ती शेवटी सांगतो.

आधी आपल्याकडचं

आपल्याला या विषयाची सवय का नाही, ते दोन मिनिटांत बघू. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजमधल्या थेट निवडणुका बंद झाल्या. वर्गात पहिला आलेला मुलगा किंवा मुलगी वर्गप्रतिनिधी, असा प्रकार सुरू झाला. पुढे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. थोडक्यात, आपल्या दोन पिढ्या कॉलेजचं मत न देताच बाहेर पडल्या. त्यामुळे तिकडे गेल्यावर 'स्टुडंट गव्हर्नमेंट' असा ईमेल आला की आपण तो न उघडताच डिलीट करतो.

आणि नेमकं त्याच ईमेलमध्ये आपल्या पैशांचं काय होतंय ते असतं.

एक विद्यापीठ घेऊ: मॅडिसन

उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण पकडू. युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन, मॅडिसन. दोन तळ्यांच्या मधलं राजधानीचं शहर आणि जवळपास ५० हजार विद्यार्थी. तिथल्या स्टुडंट गव्हर्नमेंटचं नाव असोसिएटेड स्टुडंट्स ऑफ मॅडिसन, सगळे त्याला 'एएसएम' म्हणतात.

मॅडिसनच का? कारण विस्कॉन्सिनमध्ये हा मामला नुसता कॉलेजच्या मर्जीचा नाही, तो राज्याच्या कायद्यात लिहिलेला आहे. १९७४ पासून तिथला कायदा म्हणतो की विद्यार्थ्यांना आपली संघटना आपल्याला हवी तशी उभारायचा आणि आपले प्रतिनिधी निवडायचा हक्क आहे. विद्यार्थी-उपक्रमांसाठी जमा होणाऱ्या फीचं वाटप कसं करायचं, याचीही जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यावर कुलगुरूंशी सल्लामसलत आणि वरच्या मंडळाची मंजुरी असते, पण सुरुवात विद्यार्थ्यांकडून होते.

या फीला तिथे 'सेग्रिगेटेड फी' म्हणतात. बिलात ती ट्यूशनपासून वेगळी मोजतात. १९९५-९६ मध्ये ती वर्षाला ३३१ डॉलर ५० सेंट होती, आज बरीच जास्त आहे. यातून आरोग्य केंद्र, जिम, स्टुडंट युनियनची इमारत, विद्यार्थ्यांच्या संघटना आणि सिटी बसचा पास, या सगळ्याला पैसे जातात. तुम्ही जिमला जा किंवा नका जाऊ, फी भरावीच लागते.

मग सुट्टीत होतं काय?

कॅलेंडर बघा. निवडणुका वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास होतात. मे महिन्याच्या मध्यात सेमिस्टर संपतं. फॉल सुरू होतो तो थेट सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या आसपास. म्हणजे नवीन टीम निवडून येते आणि लगेच साडेतीन महिने कॅम्पस रिकामा. कोणी शिकागोला इंटर्नशिपला, कोणी घरी, कोणी लॅबमध्ये. बैठका झूमवर आणि कामं व्हॉट्सॲपसारख्या ग्रुपवर.

आपल्याकडे कौलारू घर असलेली मंडळी पावसाळ्याआधी घर शाकारून घेतात. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढून उपयोग नसतो. स्टुडंट गव्हर्नमेंटचा उन्हाळा म्हणजे हेच शाकारणं. बहुतेक विद्यापीठांत या महिन्यांत चार कामं असतात.

पहिलं, हस्तांतरण. जुनी टीम पदवी घेऊन निघून जाते. कोणत्या अधिकाऱ्याशी काय बोलणं झालं होतं, कोणता प्रस्ताव अर्धवट आहे, खात्यांचे पासवर्ड कोणाकडे आहेत, हे सगळं लिहून घेतलं नाही तर नवीन टीम पुन्हा शून्यापासून सुरू करते. प्रशासनातला माणूस वीस वर्षं खुर्चीत असतो, विद्यार्थी प्रतिनिधी एक वर्ष. हा फरक कागदच भरून काढतो.

दुसरं, माणसं. विद्यापीठात शेकड्यांनी समित्या असतात: पार्किंगची, ग्रंथालयाची, आरोग्य केंद्राची, शिस्तीची. त्यातल्या बऱ्याच समित्यांवर विद्यार्थ्यांच्या जागा असतात आणि त्या स्टुडंट गव्हर्नमेंट भरतं. सुट्टीत यादी तयार झाली नाही तर सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीला विद्यार्थ्यांची खुर्ची रिकामी. आणि रिकाम्या खुर्चीला कोणी मत विचारत नाही.

तिसरं, पैसे. मॅडिसनचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. म्हणजे तुम्ही पुण्यात किंवा नाशिकला बसून बॅगा भरत असता, तेव्हा तुमच्या फीतून खर्च होणारं बजेट आधीच लागू झालेलं असतं. तुमची फी मागच्या वर्षीच्या लोकांनी ठरवली. तुम्ही जे ठरवाल, ते पुढच्या वर्षी येणाऱ्यांच्या बिलात दिसेल.

चौथं, प्रशासनाशी बैठका. विद्यार्थी सुट्टीवर गेले तरी प्रशासन कामावरच असतं. बांधकाम, मेसचं कंताट, होस्टेलचे नियम यांवर सुट्टीतही हालचाल होते. ओरडणारं कोणी कॅम्पसवर नसताना निर्णय शांतपणे होतात. अशा वेळी झूमवर का होईना, एक-दोन प्रतिनिधी हजर असणं फार मोलाचं ठरतं.

फॉलमध्ये काय असतं?

सप्टेंबर उजाडला की गंमत सुरू. मॅडिसनमध्ये एएसएमचा बस पास मिळतो. नवीन आलेल्या मुलांना तो 'फ्री' वाटतो. फ्री-बी काही नाही, तो आपल्याच फीचा आहे. मग घ्याच की!

मग येते स्टुडंट सर्व्हिसेस फायनान्स कमिटी. ही विद्यार्थ्यांची समिती फॉलमध्ये सुनावण्या घेते. विद्यार्थ्यांना सेवा देणाऱ्या संघटना आपलं बजेट घेऊन येतात, प्रश्न विचारले जातात आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाचे पैसे ठरायला लागतात. वीस-बावीस वर्षांची मुलं मोठमोठ्या रकमांचे आकडे तपासत बसलेली असतात.

इथे एक मोठी कायदेशीर गोष्ट आहे. समजा तुमच्या फीचे पैसे अशा संघटनेला गेले, जिची मतं तुम्हाला अजिबात पटत नाहीत. चालेल का? हाच प्रश्न मॅडिसनच्याच काही विद्यार्थ्यांनी कोर्टात नेला. खटला 'साउथवर्थ' नावाने प्रसिद्ध आहे आणि मार्च २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: सक्तीची फी चालेल, पण वाटप करताना कोणाचं मत काय आहे हे बघायचं नाही. म्हणजे उजवे, डावे, धार्मिक, नास्तिक, सगळ्यांना एकच मोजपट्टी. न्यायालयाने आणखी एक मुद्दा मांडला. एखाद्या संघटनेला पैसे द्यायचे की नाही हे नुसत्या बहुमताने ठरवलं, तर अल्पमतातल्यांचं संरक्षणच संपतं. म्हणून त्या समितीत बसणाऱ्याला 'मला हे लोक आवडत नाहीत' हे कारण देता येत नाही.

संघटनांच्या कार्यक्रमांसाठी अनुदानही असतं. समजा, तिथल्या मराठी मुलांनी विद्यापीठात मंडळ नोंदवलंय आणि गणपतीचा कार्यक्रम करायचाय. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. अशा अनुदानाचे अर्ज साधारणपणे काही आठवडे आधी करावे लागतात. सेमिस्टर सुरू झाल्यावर धावपळ केली, तर पैसे मिळेपर्यंत विसर्जन होऊन गेलेलं असतं. इथेही पुन्हा तेच. काम सुट्टीतच करायचं.

यात ताकद किती, खरं सांगा?

आता कोणी म्हणेल, हे सगळं लुटुपुटूचं आहे, खरी सत्ता वरच्यांकडे. यात तथ्य आहे. २०१५ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने तो जुना कायदा बदलला. आधी विद्यार्थीजीवनाची धोरणं ठरवण्याची प्राथमिक जबाबदारी विद्यार्थ्यांकडे होती, आता ती कुलगुरूंना सल्ला देण्यापुरती राहिली. एका बजेट विधेयकातून एवढा फरक पडला.

पण दुसरी बाजूही आहे. २०१४ मध्ये मॅडिसनच्या विद्यार्थ्यांनी सार्वमत घेऊन जुन्या जिमच्या जागी नवीन सुविधा बांधायला स्वतःच्या फीतून पैसे द्यायचं मान्य केलं. त्यातलं निकोलस रिक्रिएशन सेंटर उघडलं २०२० मध्ये. ज्यांनी मत दिलं त्यातले बहुतेक तोवर पदवी घेऊन गेलेसुद्धा होते. आजोबांनी लावलेल्या आंब्यासारखं, लावणारे वेगळे आणि खाणारे वेगळे. फरक एवढाच, इथे खाणाऱ्याला बिलही येतं!

म्हणून माझं म्हणणं असं. स्टुडंट गव्हर्नमेंटची ताकद भाषणात नसते, ती तारखांमध्ये असते. ज्याला जुलैची, सप्टेंबरची आणि सुनावणीची तारीख माहीत आहे, त्याचं ऐकलं जातं. ज्याला नाही, तो फक्त फी भरतो.

तुम्ही जाणार असाल तर

एक. पहिलं बिल आलं की ट्यूशनशिवायच्या ओळी वाचा. कुठली फी कशासाठी आहे ते विद्यापीठाच्या वेबसाइटवर सापडतं. बस, जिम, डॉक्टर, ज्यासाठी पैसे भरले ते वापरा.

दोन. एफ-१ व्हिसावर असलात तरी तुम्ही विद्यार्थी आहात. स्टुडंट गव्हर्नमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं आणि साधारणपणे उभंही राहता येतं. मानधनाचं पद असेल तर मात्र आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, कारण कामाच्या तासांचे नियम असतात.

तीन. समित्यांच्या रिकाम्या जागा सप्टेंबरमध्ये निघतात. भाडं, आरोग्य विमा, रात्रीची बस, या विषयांवर परदेशी विद्यार्थ्यांचा अनुभव वेगळा असतो. तो सांगणारं टेबलावर कोणीतरी हवं.

आणि चार, जी मी शेवटी ठेवली होती. फॉलमध्ये, विशेषतः २०२४, २०२६ अशा सम वर्षांत, कॅम्पसवर हसतमुख मुलं क्लिपबोर्ड घेऊन उभी असतात: "रजिस्टर टू व्होट?" ही नोंदणी देशाच्या निवडणुकीची असते, कॉलेजच्या नव्हे. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर तो फॉर्म भरायचा नाही. सही करायची नाही, गंमत म्हणूनही नाही, टी-शर्ट मिळतोय म्हणूनही नाही. त्यावर 'मी नागरिक आहे' असं लिहून दिलेलं असतं. त्यातून देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं आणि पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं अडकू शकतं. सरळ सांगायचं, "आय ॲम नॉट अ सिटिझन," आणि पुढे चालू लागायचं. कोणी वाईट मानत नाही.

कॉलेजचं मत द्या, देशाचं देऊ नका. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी आजचा भाग सार्थकी लागला.

तुमच्या ग्रुपमध्ये जो यंदा जातोय ना, त्याला ही लिंक आजच पाठवा, विमानतळावर नको. आणि तुमच्या विद्यापीठात हे कसं चालतं ते आम्हाला व्हॉइस नोट करून कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!