रक्त वाढवण्याचा हुकूम मूत्रपिंडाचा

डायलिसिसवरच्या माणसाचं हिमोग्लोबिन आठवर घसरलं की घरात बीट, डाळिंब, खजूर यांची रीघ लागते. त्यामागची माया खरी, पण उपाय चुकीचा. मूत्रपिंडं निकामी असताना खजूर-डाळिंबातलं पोटॅशियम रक्तात साठून थेट हृदयावर बेतू शकतं. शिवाय इथे रक्त कमी पडण्याचं मुख्य कारण ताटात नसतंच.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवाव्या लागतात. किती घडवायच्या, हे ठरतं मूत्रपिंडात. तिथल्या काही पेशींना प्राणवायू कमी पडतोय असं जाणवलं की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. मज्जेतल्या कोवळ्या पेशींना ते मिळालं तर त्या वाढीला लागतात, नाही मिळालं तर मरतात. मूत्रपिंडाचा आजार बळावला की हे संप्रेरक अपुरं पडतं. मज्जा कामाला तयार असते, पण हुकूमच येत नाही.

मूत्रपिंडाची ही भूमिका शिकागो विद्यापीठात लिओन जेकबसन, यूजीन गोल्डवासर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवली. पण संप्रेरक शुद्ध रूपात हाती यायला आणखी वीस वर्षं गेली. रक्तात ते इतकं थोडं असतं की गोल्डवासर यांनी मेंढ्यांच्या रक्तावर वर्षानुवर्षं खर्ची घातली. मग १९७५ मध्ये जपानच्या कुमामोतोहून ताकाजी मियाके शिकागोला आले. त्यांच्याजवळ २,५५० लिटर लघवी आटवून काढलेली भुकटी होती. ती लघवी अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची होती. या आजारात मज्जाच बंद पडते. मूत्रपिंडं ठणठणीत असल्याने हुकमांवर हुकूम सोडत राहतात आणि जास्तीचं संप्रेरक लघवीत उतरतं. ज्यांचा स्वतःचा आजार या संप्रेरकाने बरा होणार नव्हता, त्या रुग्णांनी जगभरच्या मूत्रपिंडरुग्णांचं औषध शक्य केलं. हे ऋण फार मोठं आहे.

१९७७ मध्ये शुद्धीकरण जाहीर झालं, पुढे ॲमजेन या कंपनीत फू-कुएन लिन यांनी या संप्रेरकाचं जनुक वेगळं केलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत इंजेक्शनला मान्यता मिळाली. तोवर वारंवार रक्त चढवणं हाच आधार होता. त्याने शरीरात लोह साठायचं, आणि परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन प्रत्यारोपणासाठी जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड व्हायचं.

आता नातेवाईक विचारतात, ‘मग हिमोग्लोबिन पंधरावर का नेत नाही?’ २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना जास्त आढळल्या. म्हणून डॉक्टर साधारण दहा ते साडेअकराच्या आसपास थांबतात. शरीरात लोह कमी असेल, तर महागडं इंजेक्शनही वाया जातं. त्यामुळे लोहाची स्थिती सांगणारी फेरिटिन आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशनची तपासणी टाळू नये.

प्राणवायूची कमतरता पेशी कशी ओळखते, या शोधासाठी २०१९ चं नोबेल दिलं गेलं. त्याच यंत्रणेवर काम करणारी डेसिडुस्टॅट ही भारतात विकसित झालेली गोळी २०२२ मध्ये देशात मान्य झाली. ती शरीरालाच एरिथ्रोपोएटिन बनवायला लावते.