अंध विक्रेती आणि खेळणाऱ्याचा हिशेब

आपल्या बीड जिल्ह्यात कथाश्रवणाची परंपरा मोठी आहे. हरिनाम सप्ताहातील कीर्तन असो वा पर्युषणातील व्याख्यान, श्रोत्याला कथा बहुधा आधीच ठाऊक असते. तरीही तो शेवटपर्यंत उठत नाही. ते वक्त्याच्या वाणीचे सामर्थ्य. आज आपली नातवंडे संगणकावर जे ‘रोल प्लेइंग गेम’ खेळतात, त्यांत मात्र श्रोता स्वतःच कथेतील पात्र होतो. अशा भूमिकेच्या खेळातील कथा मनाला केव्हा भिडते? मुलांचे कितीतरी तास त्यात जात असल्याने या प्रश्नाकडे आपण वडीलधाऱ्यांनीही पाहावयास हवे.

प्रथम घरचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडते; काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले होते. कथन देखणे आहे. परंतु राजीचा मार्ग आधीच आखलेला आहे. खेळणारा तिला त्या मार्गावरून नेतो, मार्ग निवडत नाही. म्हणून हा साहसाचा खेळ. भूमिकेचा खेळ याच्या पुढे सुरू होतो.

रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ या १९८५ च्या अमेरिकन खेळाचे उपशीर्षक होते ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’. ‘अवतार’ हा शब्द आपल्याकडूनच गेलेला. त्यात मारावयाचा कोणी मुख्य खलनायक नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवणे हेच नायकाचे कार्य. त्यात एक वनौषधींचे दुकान आहे आणि तेथील विक्रेती अंध आहे. ती मालाची किंमत सांगते. पैसे किती ठेवायचे ते खेळणाऱ्यावर सोपवते. कमी ठेवले तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, शिपाई धावत येत नाही. मात्र खेळ त्या व्यवहाराची गुप्त नोंद ठेवतो आणि सत्याच्या खात्यातून गुण वजा होतात. पुढे आपल्या प्रगतीविषयी द्रष्ट्याला विचारावयास जावे, तेव्हा ते उघड होते.

बँकेतील नोकरीत मी असे कितीतरी खातेदार पाहिले, जे रोखपालाने दिलेल्या नोटा न मोजताच कनवटीला लावत. मोंढ्यात वजनकाट्याकडे न पाहता पट्टीवर अंगठा उमटवणारा शेतकरी आपल्या वाचकांनीही पाहिला असेल. समोरच्याला दिसत नाही, तेथेच आपली परीक्षा असते. हे पन्नास व्याख्यानांत ऐकणे निराळे आणि पैसे ठेवताना स्वतःचा हात आखडला हे अनुभवणे निराळे.

टोबी फॉक्स यांचा २०१५ चा ‘अंडरटेल’ याहून पुढे जातो. अशा बहुतेक खेळांत शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात आणि आपली पातळी वाढते. येथे एकही जीव न मारता खेळ पूर्ण करता येतो. जो मारत सुटतो, त्याला अखेरीस कळते की ज्याला तो अनुभव समजत होता ते हत्येचे माप होते. सर्वांचा संहार करून शेवट गाठला, तर नंतर पुन्हा आरंभापासून अहिंसेने खेळूनही शेवट निर्मळ राहत नाही. आपल्या वाचकांना कर्मबंधाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आपल्याकडे ज्ञानबाजीचा पट होता. दुर्गुणाच्या घरातून साप खाली नेई, सद्गुणाच्या घरातून शिडी वर चढवी आणि वाट मोक्षापर्यंत जाई. त्याच पटाचे रूप पुढे इंग्लंडमध्ये सापशिडी म्हणून रुळले. मात्र तेथे कोणत्या घरात पडावयाचे ते दान ठरवी. भूमिकेच्या खेळात ते खेळणारा ठरवतो. आणि निवड आपली असते म्हणूनच तिचे फळ मनाला लागते. उंची चित्रे आणि संगीत कथेची शोभा वाढवतात; पण केलेल्या निवडीचा परिणाम पुढे कोठेच दिसला नाही, तर कथा पोकळ वाटते. उत्तर कोणतेही दिले तरी पुढचा प्रसंग तोच येतो, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते.

म्हणून सुटीत नातवंडे खेळावयास बसली, की केवळ ‘किती वेळ झाला?’ असे न विचारता ‘तू काय निवडलेस, आणि त्यामुळे पुढे काय घडले?’ असेही विचारावे. सांगण्यासारखे काही असेल तर मूल भरभरून सांगेल. उत्तरात केवळ जमवलेली नाणी आणि विकत घेतलेली हत्यारे निघाली, तर तो खेळ बदलावा, हे उत्तम.